एक थेंब निळं औषध

औरंगपुऱ्यात माशांच्या टाक्या बनवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. माझी टाकी गळत नाय. विशाखा दुकानात आली तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं, "गोल्डफिश का फायटर?"

"काका, मासे नकोत. नुसतं पाणी पाहिजे."

पोरगी कन्नड तालुक्यातली, विद्यापीठात भौतिकशास्त्राची पीएचडी करत होती. तिनं कागद पुढं केला. चंद्रावर माणसं राहायला गेली तर वरून किरणांचा मारा सतत चालू. जाड भिंतीआड कोंडून घेतलं तर जीव वाचतो, पण मग बाहेरचं काही दिसत नाय. म्हणून तिला खिडकी करायची होती. ॲक्रिलिकचे दोन जाड तुकडे आणि मधे चार बोटं शुद्ध पाणी.

"एक्स-रेच्या खोलीला शिशाची काच असते, तीच लावा की," मी अक्कल पाजळली.

"तिकडचे किरण शिशावर आपटले की त्यातून आणखी नवे उडतात. पाणी बरं पडतं."

पाण्याचं एवढं कौतुक माझ्या दुकानात कुणी केलं नव्हतं. मला पोरगी आवडली.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेतलं यंत्र तिला एकाच दिवशी मिळणार होतं. तो दिवस हुकला तर पुढची पाळी सहा महिन्यांनी, आणि फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. खिडकीवर किरण सोडायचे आणि ती किती गढूळ होते ते मोजायचं, एवढंच काम.

आदल्या दिवशी सकाळी तिच्यासमोर पाणी भरलं, बूच बसवलं, वरून सिलिकॉन लावलं. तिनं खिडकीआडून पेपर वाचून बघितला, खूश झाली आणि रिक्षानं क्रांती चौकात ट्रॅव्हल्स पकडायला गेली.

टेबल आवरताना निळ्या औषधाची बाटली उघडी दिसली. ड्रॉपर ओला होता. नवं पाणी भरलं की त्यात एक थेंब टाकायचा, म्हणजे माशांना बुरशी धरत नाय. सव्वीस वर्षांची सवय, हातानं मला विचारलंच नव्हतं.

मी खुर्चीत बसलो. एका थेंबानं डोळ्याला काय दिसणार? तिला दिसलं नव्हतं. तोंडाला कुलूप लावलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण यंत्र काय माझं गिऱ्हाईक नव्हतं, त्याला कळलंच असतं. मला स्वतःची लाज वाटली. स्कूटर काढली.

ट्रॅव्हल्स कधी वेळेवर सुटलीय? ती खिडकी मांडीवर घेऊन बसली होती. मी सांगितलं. तिनं मागं कोरा कागद धरला, बराच वेळ बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"आता?" एवढंच म्हणाली.

चौकातल्या बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाण्याचे चार कॅन आणले. ब्लेडनं सिलिकॉन कापलं, निळं पाणी रस्त्याकडंला ओतलं, दोनदा धुतलं, परत भरलं. ड्रायव्हर हॉर्न देत होता. नवं सिलिकॉन ओलं होतं, रस्त्यात खड्डे, बूच हमखास निघालं असतं. म्हणून बुचावर अंगठा दाबून मीही बसलो. स्कूटर तिथंच राहिली.

पुण्यापर्यंत अंगठा काढला नाय. तिनं मला वडापाव भरवला.

महिन्याभरानं तिचा फोन आला.

"काका, किरण सोडल्यावर खिडकी पिवळी पडली. पाणी काढून वेगळं मोजलं, ते जसंच्या तसं आहे. पिवळं पडलं ते ॲक्रिलिक."

"म्हणजे माझा माल नापास."

"व्हय. पण पाण्यात निळं राहिलं असतं, तर मी सगळा दोष पाण्यावर टाकला असता. तुमचा माल सुटला असता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता दुसरं प्लॅस्टिक शोधायचं, पाणी तेच ठेवायचं," ती म्हणाली. "नवी खिडकी बनवणार ना?"

मला लई बरं वाटलं, ते मी तिला सांगितलं. मग स्टुलावर चढून निळ्या औषधाची बाटली वरच्या फळीवर ठेवली, जिथं माझा हात पोचत नाय.