कुंपणापलीकडची वकील

"आमचेच वकील घ्या ना, ताई. सगळे तेच घेतात," घरांचा एजंट क्रेग तिसऱ्यांदा म्हणाला.

"सगळ्यांनी विहिरीत उडी मारली, तर मीही मारू?" लॉरेनने त्याला गप्प केलं.

लॉरेन ग्रिम्स्बी गावात घेत असलेल्या घराला बँक कर्ज देत होती, पण खरेदीचं काम बँकेच्या यादीतल्याच वकिलाकडे द्यायचं, अशी अट होती. क्रेगचा वकील यादीत होता. पण तो क्रेगचं मीठ खाणारा. वडिलांच्या जुन्या वकिलांचं नावच नव्हतं. यादी चाळता चाळता चहा निवला, तेव्हा कुठे लॉरेनचं बोट एका नावावर थांबलं. पिकर्सगिल! शेजाऱ्याची बाजू घेऊन आईचं लाडकं झुडपांचं कुंपण छाटायला लावणारी हीच ती बया. आई मरेपर्यंत तिच्या नावाने बोटं मोडायची.

लॉरेनने फोन लावला. "मी ऑल्ड्रॉइडबाईंची मुलगी. आठवतंय?"

"कुंपण. शेजाऱ्याच्या हद्दीत नऊ इंच पुढे आलेलं," पिकर्सगिलबाई म्हणाल्या.

"आई साडेआठ म्हणायची."

"नऊच. भर पावसात मी स्वतः टेप लावून मोजलं होतं."

"म्हणूनच फोन केला," लॉरेन म्हणाली. "या वेळी माझ्या बाजूने मोजा."