दुसरीची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी शाळा आहे, एकाच खोलीची. नाक मुरडू नका हं! या एका खोलीत चार इयत्ता सुखाने नांदल्या.

गावकऱ्यांनी मला दगडमातीत बांधलं. गुरुजी एकटेच. त्यांनी युक्ती काढली: प्रत्येक इयत्तेला एक भिंत. मुलं आपापल्या भिंतीकडे तोंड करून बसायची. पास झालं की सरकून पुढच्या भिंतीकडे वळायचं, झाला वर्ग बदलून!

एक मुलगी मात्र तीन वर्षं दुसरीच्याच भिंतीकडे बघत राहिली. पोरं तिला 'मुक्कामी' म्हणून चिडवायची. पाढे म्हणताना तिचं सगळं लक्ष दगडांवर. कोणता दगड सैल, ओल कुठून उतरते, तिला तोंडपाठ होतं. शेवटी ती शाळा सोडून वडिलांबरोबर बांधकामावर जाऊ लागली. मला फार वाईट वाटलं.

पुढे नवी शाळा झाली आणि माझ्यात मोडकी बाकं येऊन पडली. मग दुसरीच्या भिंतीला पोट सुटलं. इंजिनिअर साहेबांनी दारावर लाल फुली मारली. "पाडून टाका," म्हणाले. मी हादरले.

पाडायला गवंडीण आली ती कोण? आमची मुक्कामी! केस पिकलेले, पण नजर तीच.

"थांबा साहेब. वरची पन्हळ फुटलीय, तिचं पाणी आत मुरतंय. खिडकीखालचे सात दगड काढून नीट बसवले की काम झालं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तीन वर्षं दुसरं केलंय काय मी!"

साहेबांना हसू आलं. त्यांनी आठ दिवस दिले. तिने पन्हळ बदलली, दगड एकेक करून बसवले. आठव्या दिवशी साहेबांनी ओळंबा लावला. भिंत सरळ! त्यांनी स्वतः फुली पुसली.

पहिल्या नंबराची मुलं माझ्यातून खूप गेली, त्यांचं मला कौतुक आहेच. पण आज मी उभी आहे ती एका नापास मुलीच्या जिवावर. मित्रांनो, जुनं घर पाडण्याआधी त्याच्या भिंती ओळखणाऱ्या माणसाला एकदा विचारा. आणि मागे राहिलेल्याला हसू नका.

हो, एक सांगायचं राहिलंच. त्या संध्याकाळी म्हातारे गुरुजी काठी टेकत आले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

"पास झालीस गं," ते म्हणाले. "वळ आता."

मुक्कामीने डोळे पुसले आणि तिसरीच्या भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसली.