प्रवाळांवरची लाली

ताईला मधोमधचं दिसेनासं झालं होतं. कडेकडेचं दिसायचं, तेही रंगांपुरतं. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर हौसेने मांडलेली खाऱ्या पाण्याची टाकी, हाच आता तिचा विरंगुळा. मान तिरकी करून ती निळ्या दिव्याखालची प्रवाळं आणि पिवळ्या माशाची ये-जा बघत बसायची. टाकीची देखभाल तिची धाकटी बहीण करायची. ती घरीच कपडे अल्टर करून द्यायची आणि साठी उलटली तरी ताईला ती चिमणीच होती.

"चिमे, प्रवाळांना काय सुरेख लाली चढलीय गं!" एका सकाळी ताई म्हणाली.

चिमणीने भिंग लावून बघितलं. प्रवाळांवर, दगडांवर, काचेवर गंजाच्या रंगाचे चपटे किडे एकावर एक चिकटले होते. खालची प्रवाळं मिटून गेली होती.

"हो ना," ती एवढंच म्हणाली.

माशांच्या दुकानदाराने औषध दिलं, पण बजावलंही. "आधी नळीने ओढून काढा, निघतील तेवढे. मरताना हे विष सोडतात. सगळे एकदम मेले तर मासा वाचायचा नाही."

ताईला दुपारची झोप लागली की चिमणी बारीक नळी घेऊन बसायची. पाठ मोडून यायची, पण काढावेत तेवढे पुन्हा दिसायचे.

"लाली वाढतेच आहे," ताई एकदा जेवताना म्हणाली. "संध्याकाळी शेजारच्या वहिनींना बोलावते बघायला."

वहिनी एका शब्दात सगळं फोडणार. चिमणीचा धीर सुटला. त्या दुपारी तिने नळी न लावताच औषध ओतलं.

किडे सुटून चिंध्यांसारखे तरंगू लागले. पाणी तांबूस झालं. पिवळा मासा कोपऱ्यात धापा टाकू लागला, मग कुशीवर कलंडला. तिने घाईघाईने ताजं खारं पाणी घातलं, विष शोषायला कोळशाची पिशवी सोडली. उपयोग झाला नाही.

ताई उठून आली. मान तिरकी केली. "पिवळा कुठंय?"

चिमणीने पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी कौतुक करत होते ते किड्यांचं," ताई सावकाश म्हणाली. "आणि तू होला हो करत होतीस."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटून घ्यायला जमतं मला अजून. दिसत नाही एवढंच."

तिने मासा हातात मागितला. इतकी वर्षं खाऊ घातलं, पण हात असा कधी लावला नव्हता. पर, कल्ले, शेपटीजवळचा बारीक काटा, सगळं तिने बोटांनी चाचपून घेतलं. मग पदर खोचून ती विषारी पाणी उपसायला बादली धरून उभी राहिली.

पुढे दोनेक प्रवाळं उघडली. चिमणीने आनंदाने सांगितलं.

"खरंच?" ताईने विचारलं.

आता ती प्रत्येक गोष्टीला हेच विचारते. बाहेर ऊन पडलंय म्हटलं, तरीही.