सावडीचे ट्रे

नवी मुंबईत पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या तपासणी खात्यात बावीस बायका ट्यूबलाइटखाली माना घालून बसतात आणि चिरलेलं, फुगलेलं, डागाळलेलं बूच वेचून बाजूला टाकतात. काम सोपं दिसतं. दोन तास करून बघावं, म्हणजे डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि मानेचा पार खुळखुळा होतो.

क्रांती या खात्याची सुपरवायझर. दिघ्याला राहणारी. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती याच बाकावर बसत होती, आणि खात्यात आकडे आले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता. आधीचा सुपरवायझर धर्मराज ज्या बाईवर खूश असेल तिला ओव्हरटाइम देई, आणि तो कशाने खूश होई ते न बोललेलंच बरं. मग निशांत नावाचा तरुण मॅनेजर आला. त्याने प्रत्येकीला स्वतःच्या नावाच्या स्टिकरच्या पट्ट्या दिल्या. तपासून झालेल्या ट्रेवर आपलं स्टिकर लावायचं, मशीन ते वाचणार, भिंतीवरच्या पडद्यावर आकडा चढणार. कुणाची मर्जी सांभाळायला नको. तीन नंबरच्या टेबलावरच्या बायका कामचुकार म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खात होत्या. आकड्यांनी महिन्याभरात दाखवून दिलं की तिथला उजेडच कमी आहे. दिवा बदलला, बोलणी थांबली. त्याच आकड्यांनी क्रांतीला सुपरवायझर केलं. सलग पाच महिने तिचं नाव पडद्यावर पहिलं होतं.

आता मेख सांगायला हवी. त्या पाच महिन्यांत क्रांतीची आई शेवटच्या दुखण्यात होती. क्रांती रात्रभर तिच्या उशाशी बसायची आणि दिवसा बाकावर पेंगायची. पडद्यावर तिच्या नावाने चढत होते त्यातले निम्मे ट्रे बायजाबाईने तपासलेले होते.

बायजाबाई सांगोल्याकडची. तिच्या गावात सावड असते, म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या. तिने ती रीत कारखान्यात आणली आणि बायकांनी नावही तेच ठेवलं. कुणी आजारी असो, कुणाला दिवस गेलेले असोत, कुणाच्या घरी मयत झालेली असो, तिच्या स्टिकरची पट्टी गुपचूप बायजाबाईच्या एप्रनच्या खिशात जाई. खात्यात तिचा हात सगळ्यात जलद आणि नजर सगळ्यात पक्की. त्यामुळे सावड तिच्याकडून निघे ती परत कधी येत नसे. यंदा तर दोघी बाळंतपणाच्या, एकीला टायफॉइड आणि शालनचा हात प्लास्टरमध्ये. सगळ्यांचं काम बायजाबाईने ओढून नेलं. आपण कुणाला फसवतोय, असं एकीच्याही मनात आलं नाही. माल तर खराच तपासलेला होता, बुचाला कुठे माहीत असतं कुणी तपासलं ते.

मार्च संपताना वरून हुकूम आला की सहा जणी कमी करायच्या. निशांतने वर्षभराचे आकडे काढले आणि तळातल्या सहा जणींची यादी केली. दुसरं नाव बायजाबाईचं होतं.

तिच्या नवऱ्याचं, रावसाहेबांचं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं आणि ते तिच्या कामगार विम्याच्या कार्डावर चालतं. नोकरी गेली की कार्ड जाणार. कार्ड गेल्यावर रावसाहेब किती दिवस काढतील, याचा हिशोब खात्यातल्या प्रत्येकीने मनातल्या मनात केला होता आणि तोंडातून कुणीच काढला नव्हता. त्रेपन्नाव्या वर्षी बायजाबाईला दुसरीकडे कोण दारात उभं करणार?

क्रांती केबिनमध्ये गेली. निशांत माणूस वाईट नव्हता, आणि हेच अवघड होतं. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, मधे न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की कुठला ट्रे, कुठली तारीख, कुणाचं स्टिकर. क्रांती म्हणाली, तशी नोंद कोण ठेवणार.

"मॅडम, मला फक्त एक नाव द्या," निशांत म्हणाला. "एकीचे ट्रे दुसरीच्या नावावर चढलेत हे एका जरी केसमध्ये कन्फर्म झालं, तर मी यादी थांबवतो. सगळं परत तपासायला लावतो."

"आणि ती एक जण?"

"खोटी एन्ट्री आहे ती. तिला ठेवता नाही येणार. पण बायजाबाई राहतील."

नाव जिभेवरच होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं. तिची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरात खुर्चीवर बसून काम करणारी क्रांतीच पहिली. ती म्हणाली की नक्की कुणाचं ते आठवत नाही. मग मी कशाच्या आधारावर थांबवू, असं निशांतने विचारलं. टोमणा नव्हता तो, त्याला खरंच आधार हवा होता.

ती बाहेर आली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. बायजाबाई नळावर डबा धूत होती.

"माज्यापायी आत गेली व्हतीस?"

"हो, मावशी."

"तुजं नाव सांगितलंस?"

नाही म्हणायचं होतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून नाही म्हणायची लाज वाटली, आणि क्रांतीच्या तोंडून गेलं, "सांगितलं."

बायजाबाईच्या हातातला डबा तसाच राहिला. "येडी का खुळी तू? पोरगी शिकतीया तुजी. आता तुला काढत्याल की." ती ओल्या हाताने क्रांतीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि क्रांतीने तो फिरवू दिला. आपण किती नीच आहोत हे तिला त्या क्षणी पुरतं कळलं. तरीही तिने ते खोटं मागे घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला निशांतने तिला बोलावलं. टेबलावर एक कागद होता. पाळी सुरू व्हायच्या आधीच बायजाबाई येऊन लिहून देऊन गेली होती. क्रांती बोलली ते खरं नाही, मी कुणालाही एकसुद्धा ट्रे दिलेला नाही, वयामुळे माझाच हात चालत नाही. खाली वळणदार, सावकाश केलेली सही.

"त्या सारखं म्हणत होत्या, क्रांतीला काढू नका," निशांत म्हणाला. "मला काय ते कळलंच नाही. तुम्ही तर कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. जाऊ दे. पण बरं झालं, मॅडम. काल दिवसभर टेन्शन होतं मला, चुकीच्या बाईला काढतोय की काय. आकडे बरोबरच होते."

त्याने यादी तिच्याकडे सरकवली. सुपरवायझरची सही लागणार होती. काचेतून बायजाबाई दिसत होती. तिने एक ट्रे संपवून दुसरा पुढे ओढला होता. एक नाव सांगायचं अजूनही बाकी होतं, आणि ते ऐकायला निशांत समोरच बसला होता.

क्रांतीने त्याच्याकडे पेन मागितलं आणि सही केली.