शेल खोकलं तेव्हा

नजरेच्या मधोमध डाग आल्यापासून मला स्क्रीनच्या कडा दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. व्लिसिंगेन बंदरासाठी भरती-ओहोटीची कोष्टकं मी करते. स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज आहे, पण तो सगळं एकाच सुरात वाचतो. शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एखादी कमांड नीट संपली की मध्येच बिघडली, कळत नाही. गेल्या आठवड्यात मध्येच थांबलेलं गणित पूर्ण झालं समजून मी अर्धी फाइल पुढे पाठवली. आमच्या प्रमुख तिनेकेने ती अडवली. रागावली नाही. म्हणाली, "फेन्ना, हे काम ठेवणार की सोडणार, शुक्रवारी सांग."

शेजारच्या टेबलाशी ताक पीत बसलेल्या माझ्या सहकाऱ्याने, हारमेनने, ते ऐकलं.

"ऊठ," तो म्हणाला. "तुझ्या शेलला जरा वळण लावतो."

त्याने कोडचे दोन तुकडे लिहिले. एक प्रत्येक कमांडच्या आधी चालणार, एक नंतर. आधी टेबलावर टकटक वाजणार; कमांड नीट संपली की कपावर चमचा.

"आणि बिघडली तर?"

"मी खोकतो. रेकॉर्ड केलंय."

"म्हणजे नेहमीचंच."

पहिल्यांदा चालवलं तर एका कमांडला दोनदा टकटक. हारमेनने कोड पुन्हा वाचला. त्याचा आधीचा तुकडा त्याच्याच नंतरच्या तुकड्याआधीही चालत होता.

"दारावर पोस्टमन उभा आहे वाटतं," मी म्हटलं.

"गप्प बस. सुधारतोय."

सुधारलं. दुसऱ्या दिवशी मी तेच अडलेलं गणित पुन्हा चालवलं. टकटक. बराच वेळ काही नाही. मग हारमेन खोकला. खरा हारमेन तर सुट्टीवर होता. शेवटच्या ओळी स्क्रीनच्या आवाजाकडून सावकाश वाचून घेतल्या: पाण्याची पातळी मोजणाऱ्या एका मापकाच्या नोंदींची जागा चुकली होती. ती दुरुस्त केली, पुन्हा चालवलं, आणि कपावर चमचा वाजला. पूर्ण फाइल मी स्वतः पाठवली.

शुक्रवारी तिनेकेला सांगितलं, "ठेवते."

"मग एप्रिलचं कोष्टकही तुझंच," ती म्हणाली आणि फोन घ्यायला गेली.

हारमेन सोमवारी आला. आभार कसे मानावेत याचा मी शनिवार-रविवार विचार केला होता. त्याच्यासमोर त्यातलं एकही वाक्य चालेना.

"हारमेन, माझं काम टिकलं. तुझ्यामुळे."

त्याने ताकाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "आवाज फार मोठा नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "हवा तेवढाच आहे."