उतरला तो माझा सूर नव्हता

मी एक जुनी पायपेटी आहे. भजनातली हातपेटी तुम्ही पाहिली असेल. मी तिची थोरली बहीण. माझ्यासमोर बाकावर बसायचे, दोन्ही पायांनी खालच्या फळ्या दाबत भात्यात हवा भरायची आणि दोन्ही हातांनी पट्ट्या वाजवायच्या. अंधेरीला मरोळ गावठाणात एक जुने चर्च आहे. तिथे गाणाऱ्यांच्या माडीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मी स्वभावाने शांत आहे. पण गेल्या वर्षी आठ पुरुषांनी मिळून माझे जे डोके खाल्ले, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म गिरगावातल्या एका कारखान्यात झाला. अंग सागवानाचे आणि आतले सूर पितळेचे. कारागिराने एकेक सूर कानाजवळ धरून, कानशीने घासून जुळवला होता. लाकूड पावसाळ्यात फुगते, भात्याचे कातडे फाटते, पण पितळेचा सूर असा तसा हलत नाही. आधी मी एका नाटक कंपनीत होते. कंपनी बुडाली आणि मला मरोळच्या चर्चने घेतले. किती लग्ने वाजवली, किती नाताळ वाजवले! माणसे जिना चढून वर यायची, माझ्या अंगावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "काय गोड पेटी आहे!" मग गिटार आली, ढोल आले, आणि माझ्यावर एक जाड चादर पडली. त्या चादरीखाली माझी बरीच वर्षे गेली.

ती चादर मिस्किटा सरांनी ओढून काढली. ऑस्वल्ड मिस्किटा म्हणजे गावठाणातले जुने गायक-मास्तर. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी एका लॅटिन प्रार्थनेला चाल लावली होती. लॅटिन ही चर्चची जुनी भाषा. गावात आता ती कोणाला बोलता येत नाही, पण त्या प्रार्थनेचा अर्थ साधा होता. हे प्रभू, अंधार झाला आहे, आमचा हात सोडू नकोस. ही चाल फक्त पुरुषांनी, चार वेगवेगळ्या आवाजांत गायची होती. वडील गेल्यापासून ती कोणी गायली नव्हती. त्या वर्षीच्या फेस्ताला, म्हणजे गावच्या संताच्या सणाला, ती गायची असे सरांनी ठरवले. माझ्यासमोर त्यांची बायको फिलोमिना बसली. तिला सगळे फिलूबाय म्हणतात. गुडघे दुखत असूनही ती माझा भाता चालवायची.

पण पुरुष आणायचे कुठून? गावठाणातले सहा जण कसेबसे जमले. खालच्या जाड आवाजाला कोणीच नव्हते. तेव्हा सरांनी शेजारच्या वस्तीतल्या धोंडिरामला बोलावले. तो विमानतळावर सामान चढवण्याचे काम करतो आणि चौदा एप्रिलला बाबासाहेबांची गाणी गातो. त्याच्या आवाजाने माडीच्या फळ्या थरथरतात. आणि आठवा सिद्धेश. मूळचा देवगडचा, भजनी मंडळात गाणारा, गोरेगावच्या स्टुडिओत सेट सजवणारा.

"सर, हे लॅटिन बोलायचं कसं?" धोंडिरामने पहिल्याच दिवशी विचारले.

"लिहिलंय तसं बोल."

"लिहिलंय ते इंग्रजीत आहे, आणि तुम्ही म्हणता ते इंग्रजी नाही!"

शेवटी त्याने सगळे शब्द देवनागरीत उतरवून घेतले आणि तेवढा प्रश्न सुटला. बाकीचे सुटले नाहीत. अहो, ही माणसे वेळेवर यायची नाहीत. आली की मॅचवर बोलायची. गाणे रंगात आले की कोणाचा तरी फोन वाजायचा, आणि तो माणूस फोन बंद करायचा सोडून "हां, बोल रे" म्हणत जिना उतरायचा. प्रत्येकाला वरचा आवाज हवा. मधला आवाज कोणालाच नको, कारण तो कोणाला ऐकू जात नाही म्हणे! मी तिथे उघड्या पट्ट्यांनी वाट बघत बसलेली आणि हे वडापावच्या चटणीवर वाद घालताहेत.

तेही मी सोसले. खरे दुखणे पुढे होते. त्या प्रार्थनेच्या मधोमध एक लांब जागा आहे. तिथे पेटी गप्प राहते आणि पुरुष नुसत्या गळ्याने गातात. मग शेवटच्या कडव्याला मी परत त्यांच्यात मिसळते. दर तालमीला मी मिसळायला जायचे आणि दोन भांडी एकमेकांवर आपटावीत तसा आवाज व्हायचा. आठही जण कानांवर हात ठेवायचे. आणि मग काय करायचे? सगळे वळून माझ्याकडे बघायचे!

"पेटी बेसूर झाली," मिस्किटा सर म्हणायचे.

मी? मी तर जागची हललेसुद्धा नव्हते! गाता गाता त्यांचाच सूर हळूहळू खाली घसरायचा, आणि नाव माझे. बरे, नीट एक पट्टी खाली उतरले असते, तर फिलूबायने खालून वाजवून सांभाळून घेतले असते. तसा तिने प्रयत्नही केला. पण ते उतरायचे ते दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी. तिथे माझ्याकडे सूरच नाही. मी काय करावे, सांगा.

सूर खाली कोण ओढते, हे मला पहिल्या आठवड्यातच कळले होते. मिस्किटा सर स्वतः. ते हातवारे करता करता सगळ्यांबरोबर मोठ्याने गायचे, आणि मास्तरांचा आवाज म्हणून सगळे त्याच्या मागे जायचे. सरांना आता कमी ऐकू येत होते. आपला सूर कुठे चालला आहे, हे त्यांचे त्यांना समजत नव्हते. फिलूबायला समजत होते. तिचे हात माझ्या पट्ट्यांवर थबकायचे, ती नवऱ्याकडे बघायची, आणि मग खाली मान घालून म्हणायची, "असेल. जुनी झालीय ना पेटी."

मित्रांनो, तेव्हा मला तिचा फार राग आला. रोज माझ्या अंगाला हात लावणाऱ्या बाईने मला खोटे पाडावे!

मग सिद्धेशने तोडगा काढला. "सर, माझ्या मित्राचा कीबोर्ड आणतो. एकदम झकास. आणि ही पेटी आमच्या स्टुडिओला देऊन टाका. जुन्या काळाचा सीन असला की मागे ठेवायला लागते."

"वाजवतात का तिथे?" फिलूबायने विचारले.

"नाही बाय, नुसती दिसायला. आतलं सगळं काढून टाकतात, उचलायला हलकी पडते म्हणून."

फिलूबायने माझे झाकण हळूच मिटले. सर म्हणाले, "चालेल. टेम्पो पाठव." इतक्या वर्षांच्या कामाचा निकाल तीन शब्दांत लागला.

पुढच्या तालमीला कीबोर्ड आला. मला भिंतीकडे सरकवून त्याला माझ्या जागी उभे केले. गाणे सुरू झाले. मधली लांब जागा आली, पुरुष नुसत्या गळ्याने गायले, आणि शेवटच्या कडव्याला फिलूबायने कीबोर्डवर बोटे टेकवली. तोच आवाज. भांड्यावर भांडे.

धोंडिरामने कीबोर्डकडे बघितले, मग सिद्धेशकडे. "हा नवाच आहे ना रे? मग हा पण बेसूर कसा?"

सिद्धेश बुटाकडे बघू लागला. कोणीच मान वर करेना. सगळ्यांना एकदमच समजले होते, आणि बोलायची हिंमत कोणालाच नव्हती.

"यात काहीतरी सेटिंग बिघडलंय," सर म्हणाले. "बघ जरा, सिद्धेश."

तेव्हा फिलूबाय उठून उभी राहिली. "सेटिंग ठीक आहे, ऑस्वल्ड. पेटीपण ठीक होती. तू खाली जातोस."

"काय?"

त्यांना खरेच ऐकू आले नव्हते. तिला तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने, सगळ्यांसमोर बोलावे लागले. दुसऱ्यांदा बोलताना तिचा आवाज फाटला. "तुला दाराची बेल ऐकू येत नाही. मी हाक मारते ती ऐकू येत नाही. मी इतके दिवस गप्प बसले. पेटीवर ढकललं. आता मला नाही जमत."

सरांनी वडिलांच्या चालीचे कागद गोळा केले, टोपी घातली आणि ते जिना उतरून गेले. फिलूबाय माझ्या बाकावर येऊन बसली आणि माझ्या बंद झाकणावर तिने डोके टेकले. माझा राग तिथेच ओसरला. तिने मला बोल लावला होता तो आपल्या माणसाला वाचवायला, एवढे मला समजले.

पुढच्या काही तालमी सरांशिवाय झाल्या. सूर आता घसरत नव्हता, पण बाकी सगळ्याची वाट लागली. कोणी लवकर सुरू करायचा, कोणी कडवे गाळायचा, आणि चूक दाखवली की भांडणे. चार आवाज चार दिशांना. या पुरुषांना धरून ठेवायला सरांचाच हात लागतो, हे त्यांचे त्यांनाच कळून चुकले. एका रविवारी फिलूबाय बाजारात गेलेली असताना सिद्धेश आणि धोंडिराम सरांच्या घरी गेले. तिथे काय झाले ते धोंडिरामने नंतर माडीवर सांगितले.

"आधी दारच उघडेनात. मग मी म्हटलं, सर, मला लॅटिन येत नाही, मला वरचा-खालचा आवाज काही माहीत नाही. मी फक्त तुमच्या हाताकडे बघून गातो. हात नसेल तर मी पण नाही येत."

"मग?" फिलूबायने विचारले.

"मग काही नाही. चहा केला त्यांनी."

सर परत आले ते कानात यंत्र घालून. ते यंत्र मधूनच शिट्टी मारायचे, आणि तीही कुठल्या सुरात, विचारू नका! सरांनी सगळ्यांसमोर सांगितले, "मी गाणार नाही. फक्त हात करीन. मला काय ऐकू येत नाही ते फिलू सांगेल." मग ते माझ्याकडे आले. "हिला भिंतीशी कोणी ठेवलं? आणा पुढे."

फेस्ताच्या संध्याकाळी चर्च भरले होते. पुरुष वेळेवर आले, एवढेच मोठे नवल. मधली लांब जागा आली. मी गप्प झाले. सरांचे ओठ घट्ट मिटलेले, हात हवेत. आठ माणसे नुसत्या गळ्याने गात होती आणि धोंडिरामचा आवाज सगळ्यांच्या खाली पाय रोवून उभा होता. शेवटचे कडवे आले. फिलूबायने भाता भरला आणि पट्ट्या दाबल्या.

मी त्यांच्यात मिसळले. कुठे माझा सूर संपतो आणि कुठे त्यांचा सुरू होतो, हे मलाही सांगता येईना. सरांनी बायकोकडे बघितले. तिने मान हलवली, बरोबर आहे म्हणून. तेवढे बघितल्यावरच त्यांनी पुढचा हात केला.

गाणे संपताच आठही जण जेवणाकडे पळाले. माझे झाकण लावायचेसुद्धा कोणाला सुचले नाही! फक्त सिद्धेश जिन्यात थांबून फोनवर म्हणत होता, "टेम्पो नको पाठवू यार. पेटी नाही मिळणार. आमची कामाची आहे."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. काही बिघडले की कोपऱ्यातल्या जुन्या वस्तूला लगेच दोष देऊ नका. आधी स्वतः नीट ऐका. मला अधूनमधून उघडा, धूळ पुसा, भात्याला वारा लागू द्या. आणि तुमच्या घरात कोणाला कमी ऐकू येऊ लागले असेल, तर ते त्याच्यापासून लपवत बसू नका. जवळ जाऊन बसा आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा. एकदा सांगून ऐकू गेले नाही, तर न कंटाळता पुन्हा सांगा.