अनधिकृत भाग

घरात एखादी वस्तू बंद पडली की ती आधी धाकटीच्या टेबलावर जायची, भंगारात नंतर. धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी घरात आणि गल्लीत तिचं नाव तेच राहिलं. दिवसा ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी करायची आणि संध्याकाळी मागच्या गॅलरीत बसून लोकांनी टाकून दिलेली यंत्रं उघडायची. जळालेल्या मिक्सरची मोटर दुरुस्त करून तिने त्यावर धार लावायची चकती बसवली होती. गल्लीतल्या सगळ्या कात्र्या तिथेच यायच्या. फुटक्या टीव्हीचे स्पीकर काढून तिने रेडिओला जोडले, तेव्हापासून शेजारच्यांनी बातम्यांसाठी स्वतःचा रेडिओ लावायचं सोडून दिलं. नवरा म्हणायचा, "मी बंद पडलो तर आधी हिच्याकडे द्या, डॉक्टरकडे मग बघू."

तिचे थोरले दीर, भाऊजी, लिलाव पुकारायचे. जुनं फर्निचर, बुडालेल्या कारखान्यांचं सामान, कधी आख्खी दुकानं. आवाज असा की मैदानाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा हात आपोआप खिशाकडे जायचा. नेमकी त्याच घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा इस्पितळातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक बोलकं यंत्र सुचवलं. ऑपरेशनआधी आपल्या आवाजात शब्द आणि वाक्यं भरून ठेवायची. मग पडद्यावरचं बटण दाबलं की तोच आवाज बोलणार.

भाऊजींनी खोलीच्या खिडक्यांना पांघरुणं लावली आणि दुखऱ्या घशाने बोलत बसले. मीठ दे. दार लाव. तुझं डोकं ठिकाणावर आहे का. लिलावातली वाक्यंही भरली, सवयीने. थोरलीला, म्हणजे बायकोला, ते चार भिंतींत ज्या लाडक्या नावाने हाक मारायचे, ते नावही तिला न सांगता घालून ठेवलं. इस्पितळातून घरी आल्यावर त्यांनी ते बटण पहिल्यांदा दाबलं, तेव्हा थोरली हातातलं पातेलं तसंच ओट्यावर ठेवून आत निघून गेली होती आणि बराच वेळ बाहेर आली नव्हती.

काही वर्षं यंत्र छान चाललं. मग एक दिवस जेवताना भाऊजी कुणावर तरी तोंडसुख घेत असताना वाक्याच्या मधोमध ते गप्प झालं. यंत्राची पाठ फुगली होती. धाकटीने ते उघडलं, फुगलेली बॅटरी अलगद बाहेर काढली आणि गॅलरीतल्या वाळूच्या डब्यात ठेवली.

"बॅटरी गेलीय, बाकी ठणठणीत आहे," ती म्हणाली.

कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की हे मॉडेल आता सेवेत नाही, बॅटरी मिळणार नाही. धाकटीने बाजारातून त्याच मापाची, तेवढ्याच व्होल्टची बॅटरी आणली, तारा जोडल्या, कळ दाबली. पडदा उजळला. थोरली पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: अनधिकृत भाग आढळला. आपल्या सुरक्षिततेसाठी यंत्र बंद करण्यात येत आहे.

पडदा काळा झाला.

"हात लावलास ना," थोरली म्हणाली. "कंपनीत दिलं असतं तर निदान..." तिने वाक्य पुरं केलं नाही. भाऊजींनी पाटी ओढली आणि खडूने लिहिलं: तिला बोलू नको. थोरलीने ते वाचलं आणि आणखीच चिडली, कारण आता नवऱ्याशी भांडायचं तर तो खडूने लिहीपर्यंत थांबावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने रजा टाकली आणि भाऊजींना घेऊन कंपनीच्या सेवाकेंद्रात गेली. काचेचं दार, थंड हवा, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांची चित्रं. व्यवस्थापक उठून उभा राहिला, बसायला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. माणूस वाईट नव्हता आणि मूर्ख तर मुळीच नव्हता. त्याने यंत्र उघडलं, जोडणी पाहिली.

"काम स्वच्छ केलंय, मॅडम. बॅटरीत काही खोट नाही."

"मग चालत का नाही?"

"ती आमची नाही, हे यंत्राला कळतं."

"मग तुमची द्या."

"आम्ही बनवणं बंद केलंय."

"म्हणजे तुमची मिळणार नाही आणि दुसऱ्याची चालणार नाही."

"म्हणूनच आम्ही नवीन मॉडेल सुचवतो."

"यांचा आवाज त्यात घालून द्याल?"

"नव्याची पद्धत वेगळी आहे. पण तयार आवाज आहेत, फार सुंदर." त्याने कपाटातून नवं यंत्र काढलं आणि बटण दाबलं. "नमस्कार, आपल्याला भेटून आनंद झाला," पुरुष आवाज क्रमांक दोन म्हणाला. घासात खडा आल्यावर होतो तसा भाऊजींचा चेहरा झाला.

धाकटीने आवाज चढू दिला नाही. "हे बघा, यंत्र तुमचं जुनं झालं, मान्य. आतला आवाज यांचा आहे. तेवढा काढून द्या, आम्ही जातो."

"आवाजाच्या फाइली यंत्राचा भाग आहेत, मॅडम. त्या वेगळ्या देता येत नाहीत."

"यांच्या घशातून निघालेला आवाज तुमच्या यंत्राचा भाग कधी झाला?"

व्यवस्थापकाने यंत्राचं झाकण परत बसवलं. मग म्हणाला, "मला वाटतं म्हणून काही होत नाही. कुलूप मुख्य कचेरीतून उघडतं, आणि ते उघडत नाहीत. आणखी एक. बंद पडलेलं जुनं यंत्र इथे आलं की परत द्यायचं नाही असा नियम आहे. आम्ही ते सुरक्षितपणे नष्ट करतो." असं म्हणत त्याने यंत्रावर हात ठेवला.

भाऊजींनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला. दुसऱ्या हाताची मूठ वळून त्यांनी टेबलावर बोटांच्या पेरांनी ठोकलं, एक वार, दोन वार, तीन वार. जन्मभर लाकडी हातोड्याने ठोकलेला माणूस तो. काचेचं टेबल थरथरलं, रांगेतली माणसं वळून बघायला लागली. व्यवस्थापकाने हात काढून घेतला. भाऊजींनी यंत्र काखेत मारलं आणि दोघं बाहेर पडली.

रस्त्यावर धाकटीच्या अंगाची लाही लाही होत होती. चोराने घर फोडलं तर निदान तो चोर म्हणून पळतो. इथे खुर्ची देऊन, पाणी पाजून माणसाचा आवाज ठेवून घेतात आणि वर त्याला सुरक्षितता म्हणतात. भाऊजी एवढे भराभर चालत होते की तिला जवळजवळ पळावं लागलं.

घरी येऊन ती चहासुद्धा न घेता टेबलाशी बसली. व्यवस्थापकाचं एक वाक्य तिच्या डोक्यात घोळत होतं: यंत्राला कळतं. कशावरून कळतं? तिने वाळूच्या डब्यातली जुनी बॅटरी बाहेर आणली आणि भिंगाखाली धरली. बॅटरीच्या डोक्यावर नखाएवढी हिरवी पट्टी होती. तीच यंत्राशी बोलत असणार, मी तुझीच आहे म्हणून सांगत असणार. मेला होता तो खालचा सेल. पट्टीला काहीच झालं नव्हतं.

"वहिनी, जरा लांब उभ्या राहा," ती म्हणाली. "हिला टोचलं तर पेट घेईल."

"मग टोचू नकोस."

"तेच करतेय."

श्वास रोखून तिने पट्टी सोडवली आणि नव्या बॅटरीच्या डोक्यावर तापल्या कांडीने कथलाचा डाग देऊन बसवली. डाग थंड होऊ दिला. कळ दाबली. पडदा उजळला, थोडा वेळ विचार करत राहिला, आणि बटणांची ओळ समोर आली.

भाऊजींनी पहिलं बटण कुठलं दाबावं? तेच, थोरलीचं. ती या वेळी आत गेली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, "हं, बोला. दोन दिवसांचं साचलंय तुमचं." मग धाकटीकडे न बघता तिने चहाचा कप तिच्या हाताशी आणून ठेवला. माफी मागायची तिची तीच रीत होती.

धाकटी मात्र तिथे थांबली नाही. यंत्र बिनतारी कंपनीशी बोलत असतं हे तिला ठाऊक होतं; आज पट्टीने फसलं, उद्या तिकडून दुसरं कुलूप लागेल. तिने आतली अँटेनाची तार कापून टाकली. मग इअरफोनच्या भोकातून वायर काढून जुन्या कॉम्प्युटरला जोडली आणि भाऊजींना एकेक बटण दाबायला लावलं. आठवडाभर संध्याकाळी घरात तोच कार्यक्रम चालला. भाऊजी एकामागून एक वाक्यं दाबायचे आणि धाकटी ती दुसरीकडे साठवायची. मीठ, दार, शिव्या, लिलाव, थोरलीचं नाव, सगळं. शेवटचं वाक्य उतरलं तेव्हा ती म्हणाली, "आता हे यंत्र विहिरीत पडलं तरी चालेल." भाऊजींनी दाबलं: "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण थोरलीच्या पोटात काही राहत नाही. तपासणीला गेल्यावर तिने वाचा-उपचारवाल्या बाईंना सगळं सांगितलं, आणि बाईंनी आणखी एकीला सांगितलं.

ती निवृत्त शिक्षिका होती. गळ्याभोवती रुमाल, हातात पाटी, अशी ती एक दिवस सकाळी दारात आली. तिच्यासोबत यंत्र नव्हतं. बॅटरी फुगली तेव्हा ती सेवाकेंद्रात गेली, त्यांनी नियम सांगितला, आणि जन्मभर मुलांना नियम शिकवलेल्या बाईने यंत्र देऊन टाकलं. पाटीवर तिने लिहिलं: नातीसाठी गोष्टी भरल्या होत्या. अजून ऐकायच्या वयाची झाली नाही.

धाकटीने पाटी वाचली. जे समोर नाही ते ती दुरुस्त कसं करणार?

"कधी दिलंत?" तिने विचारलं.

पाटीवर उत्तर आलं: सोमवारी.

"अजून तिथेच असेल. उठा."

तिघंही गेली, भाऊजी स्वतःहून चपला घालून पुढे झाले. व्यवस्थापकाने ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. धाकटीने फार बोलणं केलं नाही. "या बाईंचं यंत्र परत हवंय. मिळेपर्यंत आम्ही बसतो."

"मॅडम, ते नष्ट करण्यासाठी जमा झालंय."

"झालंय नष्ट?"

त्याने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"मग बसतो."

तिघं बसली. भाऊजींनी यंत्र मांडीवर घेतलं, आवाजाची कळ पूर्ण वर केली, आणि दारातून नवं गिऱ्हाईक आत आलं की बटण दाबायचा सपाटा लावला. "या मंडळी, जवळ या. माल डोळ्यांनी बघून घ्या. एकदा दिला की परत मिळत नाही." लिलावाच्या मैदानातला तो आवाज थंड हवेच्या त्या खोलीत मावेना. एक गृहस्थ आपलं यंत्र टेबलावर ठेवायला निघाले होते, ते थबकले आणि त्यांनी विचारलं, "काय झालंय?" धाकटीने सांगितलं. त्यांनी यंत्र पुन्हा पिशवीत घातलं. त्यांच्यामागच्या बाईंनीही.

"ह्यांना थांबवा," व्यवस्थापक म्हणाला.

"त्यांचा आवाज आहे," धाकटी म्हणाली. "मी कशी थांबवू?"

आणखी दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली. मग व्यवस्थापक उठला, मागच्या खोलीत गेला आणि एक मोठं प्लास्टिकचं खोकं ओढत दारापर्यंत घेऊन आला. "ओळखून घ्या," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी काही दिलेलं नाही."

शिक्षिका गुडघ्यांवर बसली आणि शोधायला लागली. एकाच्या मागच्या बाजूला, नावाच्या चिठ्ठीशेजारी, नातीसाठी चिकटवलेलं कागदी फूल होतं. तिने ते यंत्र उचललं आणि छातीशी धरलं. बॅटरी आतच होती. हिरवी पट्टीही असणार.

संध्याकाळी गॅलरीत डाग बसला, पडदा उजळला, आणि बाईंचा खणखणीत आवाज म्हणाला, "सगळे नीट बसा, गोष्ट सुरू होतेय." थोरलीने डोळ्यांना पदर लावला. भाऊजींनी टेबलावर थाप मारली. शिक्षिका हसत होती आणि रडतही होती, आणि एकामागून एक बटणं दाबत होती.

धाकटी हत्यारं आवरत होती. पक्कड, भिंग, डाग द्यायची कांडी. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"एवढं झकास झालं, आणि तुझं तोंड असं का?"

"खोकं बघितलंस का तू? तू नव्हतास तिथे," ती म्हणाली. "काठोकाठ भरलं होतं. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. आम्ही एक उचललं आणि बाकीची त्याने पुन्हा आत ढकलली."